गंगीची वही आणि मोटारीचं जुळं

मुंबईतल्या आरे कॉलनीत पत्ता विचारलात तर बरेचदा युनिटचा नंबर ऐकायला मिळतो. युनिट म्हणजे म्हशींचे तबेले. 1949 मध्ये ही दूध वसाहत वसवली, शहरातल्या म्हशी इकडे आणल्या, तेव्हापासूनची ही पद्धत.

समजा, अशाच एका तबेल्यात एक काका आहेत आणि त्यांची एक वही. कोपरे दुमडलेली, मलपृष्ठावर शेणाचा ठसा. प्रत्येक म्हशीला एक पान. गंगीच्या पानावर रोजचं दूध लिहिलंय: 5 लिटर, 5, पावणेपाच, साडेचार. गंगी तर मजेत रवंथ करतेय. पण काका पान बघून म्हणतात, "हिचं काहीतरी बिनसतंय. डॉक्टरांना बोलवा." गंगी आजारी दिसायच्या आधीच वहीला कळलं की!

आता ही वही फुगवा. दुधाबरोबर गंगीचा ताप, तिची पावलं, तिचं रवंथ, सगळं मिनिटामिनिटाला टिपा. आणि कागदाऐवजी संगणकात एक हुबेहूब गंगी उभी करा, खऱ्या गंगीकडून येणाऱ्या आकड्यांवर चालणारी. खरी लंगडली की तीही लंगडणार. हे झालं 'डिजिटल ट्विन', म्हणजे संगणकातलं जुळं. नुसतं चित्र काढलं तर ते जुळं नव्हे हं! खऱ्या वस्तूची खबर त्याला सतत मिळायला हवी.

मोटारींच्या कारखान्यांत अशा जुळ्यांना फार मागणी आहे. (आरेतही 'कारशेड' आहे, पण तिथे मोटारी शोधू नका. मेट्रोच्या डब्यालाही 'कार' म्हणतात!)

मोटारीचा सांगाडा पत्र्यांचा. ते जोडायला रोबो एक मोठा चिमटा वापरतो. चिमट्याला तांब्याची दोन टोकं. दोन पत्रे मध्ये दाबायचे, जोरदार वीज सोडायची, की पत्रे त्या ठिपक्यापुरते वितळून एकजीव होतात. एका मोटारीत असे हजारो ठिपके असतात.

गंमत पुढे आहे. ठिपके मारून मारून तांब्याचं टोक पेन्सिलीसारखं बोथट होतं. टोक पसरलं की वीजही पसरते, आणि ठिपका कच्चा राहतो. म्हणून रोबो मधूनमधून आपली टोकं एका यंत्रात घालून तासून घेतो. अगदी तुमच्या शार्पनरसारखं!

पण तासायचं कधी? फार लवकर तासलं तर तांबं फुकट. उशीर झाला तर कच्चा ठिपका दोन पत्र्यांच्या मध्ये लपून बसतो, वरून दिसतसुद्धा नाही. इथे जुळं कामाला येतं. प्रत्येक ठिपक्याला किती वीज लागली, किती वेळ लागला, हे ते टिपत असतं. एकही ठिपका अजून बिघडलेला नाही, तरी आकडे हळूहळू सरकताना दिसतात. पाच, पाच, पावणेपाच... ओळखीचं वाटतंय ना?

मग सांगाड्याची मापं. लेझर आणि कॅमेरे त्याच्यावरचे असंख्य बिंदू मोजतात आणि संगणकातल्या जुळ्यावर ठेवून बघतात. जुळलं तिथे हिरवं, चुकलं तिथे लाल. दाराभोवतीची फट इथे मिलिमीटरच्या हिशेबात मोजतात. आमच्या घराचं दार पावसाळ्यात फुगतं तेव्हा आम्ही सरळ खांदा मारतो. मोटारीच्या दाराला ती सोय नाही. बरं, एकाच दाराशी सारखं लाल दिसलं तर जुळं मागे मागे जाऊन शोधतं: पत्रा पकडून ठेवणारा कुठला साचा हलला?

काहींनी तर अख्ख्या कारखान्याचंच जुळं केलंय. हंगेरीतल्या डेब्रेत्सेन इथे बीएमडब्ल्यूने मार्च 2023 मध्ये कारखान्याचं उद्घाटन केलं, तेही संगणकात! खऱ्या कारखान्यातून मोटारी निघू लागल्या 2025 मध्ये. रोबो एकमेकांना धडकणार असतील तर आधी संगणकातच धडकू देत. तिथे पत्रा चेपत नाही.

जुळं चुकतं का? चुकतं तर! मोजणारं यंत्रच बिघडलं की जुळं बिचारं खोट्या आकड्यांवर विश्वास ठेवतं.

आपल्या काकांचीच गोष्ट घ्या ना. एके दिवशी गंगीच्या पानावर एकदम 9 लिटर! काका चक्रावले. गंगीला गूळ मिळाला, पाठीवर थाप मिळाली. संध्याकाळी त्यांनी सहज पुढचं पान उलटलं. दूध लिहायचं काम त्या दिवशी भाच्याकडे होतं, आणि शेजारच्या जमुनीच्या पानावर चक्क भोपळा होता.