आजीचं वाक्य भिंतीवर

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात एक छोटा फळा होता. त्यावर रोज सकाळी सुविचार लिहायचा मान ज्या मुलीचं अक्षर चांगलं तिला मिळायचा. सलग दोन वर्षं तो माझ्याकडे होता. कडेनं रंगीत खडूची वेलबुट्टी, मधे ठळक अक्षरांत थोरामोठ्यांचं वचन. वचनं कुठून आणायची? बाईंनी एक जुनी वही दिली होती, तिच्यातून. त्या वहीत एकाही बाईचं वाक्य नव्हतं. मालवणीतलं तर नव्हतंच नव्हतं. वर्गात चुकून 'माका' तोंडातून गेलं तरी सगळे हसायचे, मग फळ्यावर कोण लिहिणार?

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे माझी भाची. देवबागचं माझं माहेर तुमच्यापैकी काहीजणींनी पाहिलंही असेल. तारकर्लीच्या पुढे जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. दर पावसाळ्यात समुद्र थोडी जमीन मागतो, आणि दगडी बंधाऱ्याच्या भरवशावर लोक राहतात. भावाचं तिथे दोन खोल्यांचं होम-स्टे आहे. त्याची ही मुलगी मुंबईत अॅप्लाइड आर्ट शिकते. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली ती एक असाइनमेंट घेऊन: कोणाचंही एक अवतरण निवडा आणि ते फक्त अक्षरांतून मांडा. चित्र काढायचं नाही. जे सांगायचं ते अक्षरांनीच सांगायचं.

मी म्हटलं, "म्हणजे आमचा सुविचाराचा फळाच की!"

"तसंच ग आत्या," ती हसत म्हणाली, "फक्त वेलबुट्टी चालत नाही."

हे नक्की कोण म्हणालं?

पहिले आठ दिवस गेले वाक्य शोधण्यात. मोबाइलवर शेकडो मिळतात. सूर्योदयाचा फोटो, त्यावर दोन ओळी आणि खाली एखाद्या थोर माणसाचं नाव. तिनं असंच एक निवडून मॅडमना पाठवलं. उत्तर आलं, 'हे त्यांनी कुठे म्हटलंय? पुस्तक, भाषण, पत्र, काहीतरी दाखव.' पोरीनं दोन दिवस शोधलं. सापडलं काहीच नाही. कोणीतरी लिहिलं आणि वजन यावं म्हणून मोठं नाव चिकटवलं! आपणही सकाळी सकाळी किती जणींना हे असं पाठवतो, नाही का?

मग एका संध्याकाळी माझी आई पडवीत कोणावर तरी करवादली. भावाचा मुलगा होडीवरून येऊन ओलं जाळं तसंच टाकून निघाला होता. आई म्हणाली, "भरती आसो नायतर सुकती, जाळा सुकवूकच व्हया." समुद्राला भरती असो की ओहोटी, जाळं वाळवायलाच हवं. भाचीनं मान वर केली. "आजी, परत बोल."

मी मात्र गप्प झाले. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिसरीत होते. बाबा तापानं दीड महिना अंथरुणाला खिळलेले. आमच्याकडे तेव्हा अजून सुताची जाळी होती. हल्लीच्या नायलॉनसारखं त्यांचं नव्हतं. सुताचं ओलं जाळं ढिगात पडून राहिलं की कुजायचं, आणि जाळं गेलं की घर गेलं. आई सकाळी डोक्यावर माशांची पाटी घेऊन मालवणच्या बाजाराला जायची, उन्हातून परतायची आणि पाणी पिऊन लगेच जाळं दांडीवर पसरायला लागायची. शेजारीण म्हणायची, "आज रवांदे गो." त्यावर आईचं उत्तर हे.

मी दोन वर्षं फळ्यावर सुविचार लिहिले. आईचं हे वाक्य लिहावं असं माझ्या एकदाही मनात आलं नाही.

भावाला ही निवड पटली नाही. "मुंबईतली पोरं हसतील. एवढी फी भरतोय, चांगलं काहीतरी घे." आईचं तर वेगळंच. "लिवन ठेवूक ता काय पुराण आसा?" पण पोरगी हटली नाही.

'च' मध्ये सगळं आहे

मला वाटलं होतं, आता ती कॉम्प्युटर उघडेल, छानसा फॉन्ट निवडेल, की झालं. तसं काहीच नाही. आधी तिनं आजीकडून ते वाक्य दहा वेळा म्हणवून घेतलं. लिहायचं कसं हाच पहिला प्रश्न होता. 'व्हया' की 'व्हयां'? मालवणी आपण बोलतो, पण लिहायची सवय कोणाला आहे? शेवटी ऐकू आलं तसं लिहिलं. मग ती म्हणाली, "आत्या, आजीचा आवाज कुठे चढतो ऐकलंस? 'सुकवूकच' मधल्या 'च' वर."

खरंच की! 'सुकवूक व्हया' म्हटलं तर नुसती सूचना. 'सुकवूकच' म्हटलं की त्यात आईचा हट्ट आला, दीड महिन्याचं ऊन आलं. मराठीतलं हे एवढंसं 'च', पण सगळा जोर त्याच्यात. तेव्हा ठरलं, चित्रात सगळ्यात वजनदार अक्षर 'च'.

मग जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर काडेपेटीएवढ्या चौकोनांत कच्ची रेखाटनं सुरू झाली. चाळीसेक तरी केली असतील. हत्यारं म्हणाल तर बोरू, आइस्क्रीमची काडी आणि माडाच्या झावळीचा हीर. हिराचं टोक ठेचलं की त्याचा खरखरीत कुंचला होतो. बोरूच्या टोकाला तिरका कत देतात, त्या तिरकेपणामुळेच अक्षराला जाड-बारीक वळण येतं. देवनागरीसाठी हा कत इंग्रजीच्या उलट बाजूला तिरका लागतो, हे मलाही नव्यानं कळलं.

पहिला मोठा कागद तयार झाला तेव्हा आम्हाला सगळ्यांना तो फार आवडला. 'भरती' फुगलेल्या लाटेसारखं, 'सुकती' वाळूत पसरलेलं. मॅडमनी फोनवर बघून एवढंच विचारलं, "लाट दिसली. अक्षर कुठे आहे?" पोरगी रात्री जेवली नाही. पण दुसऱ्या दिवशी तो कागद पडवीतल्या कोणालाच धड वाचता आला नाही, तेव्हा मॅडमचं म्हणणं पटलं.

आधी दोर, मग अक्षर

वाट सापडली ती परसात. दांडीवर जाळं वाळत होतं. वर आडवी दांडी आणि तिला लोंबणारं जाळं. भाची बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आपली अक्षरंपण अशीच असतात."

इंग्रजी अक्षरं रेषेवर उभी राहतात. आपली देवनागरी वरच्या शिरोरेषेला लटकते. शाळेत आपण आधी अक्षरं काढतो आणि मग वरून रेघ ओढतो. पण जुन्या मोडीत उलटं होतं. कारकून आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायचे आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचे. भाचीनं तेच केलं. आधी दोर ताणला, थोडा झोळ दिलेला. मग त्याला एकेक अक्षर टांगलं. लाट नाही, मासा नाही, होडी नाही. तरी बघताक्षणी जाळं दिसायला लागलं.

मोडीचा धागा तिला कॉलेजात मिळाला होता. अच्युत पालव यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जे.जे.त शिकून बाहेर पडल्यावर त्यांनी शिष्यवृत्तीवर मोडीचा अभ्यास केला आणि मोडी-देवनागरीच्या मेळातून स्वतःची 'मुक्तलिपी' घडवली. त्यांना मार्गदर्शन करणारे र. कृ. जोशी स्वतः कवी होते आणि आयआयटी मुंबईत शिकवायचे. २००८ मध्ये ते गेले. पण त्यांचं काम आपल्या घरात आहे. कॉम्प्युटरवर मराठी टाइप करताना 'मंगल' हे फॉन्टचं नाव दिसतं ना, तो त्यांनीच केलेला. आणि २०२० मध्ये गेलेले कमल शेडगे! वर्तमानपत्रात नाटकांच्या जाहिराती यायच्या, त्यातल्या कितीतरी नावांची अक्षरं त्यांची. नाव वाचण्याआधीच नाटक हसरं आहे की गंभीर ते कळायचं.

आता या कामात मुलीही आहेत. 'मुक्ता', 'बालू', 'मोदक' हे मराठी फॉन्ट कोणालाही फुकट वापरता येतात. ते करणाऱ्या मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेच्या संस्थापकांत नूपुर दात्ये आहेत. आणि खरं सांगू का, बायकांना अक्षरांची कला नवी थोडीच आहे? मण्यांच्या तोरणातलं 'सुस्वागतम्', उशीच्या अभ्र्यावरचं भरतकाम, उंबऱ्याजवळ रांगोळीनं लिहिलेलं 'शुभ दीपावली', हे सगळं कोणी केलं? फक्त त्याला कोणी 'टायपोग्राफी' म्हटलं नाही, एवढंच.

गाठ आणि नाव

शेवटचा कागद तयार झाला, तो भाचीनं आजीपुढे धरला. आईला वाचता येत नाही. सही करते, तीही जेमतेम. मला वाटलं, 'बरा आसा' म्हणेल आणि उठेल. तिनं कागद जवळ घेतला. बोट फिरवत फिरवत 'भरती'च्या 'भ' वर थांबली.

"ही गाठ अशी नसता गो. अशी गाठ सुटतली."

'भ', 'म', 'न' या अक्षरांत जो छोटा वेढा असतो, त्याला अक्षरं घडवणारेही 'गाठ'च म्हणतात. आईला हे कुठून माहीत असणार? तिनं दोरा मागवला, जाळं विणायच्या सुईनं दोन गाठी मारून दाखवल्या. एक सुटणारी, एक पक्की. भाचीनं पुन्हा बोरू घेतला आणि 'भ' ची गाठ बदलली. कागदाचा मोबाइलवर फोटो काढून कॉम्प्युटरवर कडा साफ केल्या, दोन अक्षरांमधल्या जागा थोड्या कमी-जास्त केल्या. समोरच्या घरातल्या चौथीतल्या मुलाला अंगणापलीकडून वाचायला लावलं. त्यानं न अडखळता वाचलं आणि काम पुरं झालं.

खाली कोपऱ्यात तिनं आजीचं नाव लिहिलं होतं. ते वाचून दाखवल्यावर आई चपापली. "ता माजा नाय. ता माज्या सासूचा."

आम्ही सगळे बघत राहिलो. म्हणजे माझ्या आजीचं वाक्य! पण आजीचं नाव काय? मला ठाऊक नव्हतं. भावालाही नव्हतं. आम्हाला ती फक्त 'आजी' होती, गावाला अमक्याची आई. सासूचं नाव सुनेनं तोंडानं घ्यायची रीत नव्हती, त्यामुळे आईनंही ते आमच्यासमोर कधी उच्चारलं नव्हतं. फोनवरच्या खोट्या नावांच्या वाक्यांपासून ही गोष्ट सुरू झाली होती आणि घरातल्या खऱ्या वाक्याचं नावच हरवत चाललं होतं. आई थोडा वेळ गप्प बसली. मग नातीच्या कानाशी वाकून तिनं ते नाव सांगितलं.

असाइनमेंटला गुण बरे मिळाले, पहिला नंबर नाही आला. मॅडमनी लिहिलं, 'दोर अजून सैल चालला असता.' मुंबईत कोणी हसलं नाही. उलट दोघीतिघींनी आपापल्या गावाकडे फोन लावून आजीला बोलतं केलं म्हणे. एक प्रत फ्रेम करून भावानंच होम-स्टेच्या पडवीत लावली आहे. पाहुणे विचारतात, "काय लिहिलंय?" आई हातातलं काम ठेवून अर्थ सांगते. कोपऱ्यात आता तिच्या सासूचं नाव आहे. ते पेपरात छापायचं नाही असं आईनं मला बजावलं आहे. कधी देवबागला आलात, तर पडवीत येऊन वाचा.

तुम्हीही करून बघा

घरातल्या वडीलधाऱ्या बाईचं नेहमीचं एक वाक्य निवडा. ती बोलते तसंच लिहा, 'शुद्ध' करू नका. मोठ्यानं म्हणून बघा आणि जोर कुठल्या अक्षरावर येतो त्याखाली खूण करा. तेच अक्षर मोठं किंवा जाड काढा, बाकीची साधी ठेवा. बोरू नसेल तर आइस्क्रीमची काडी तिरकी कापून शाईत बुडवा. आधी छोट्या चौकोनांत निदान दहा नमुने काढा, पहिल्यावरच थांबू नका. फुलंपानं, नक्षी शक्यतो टाळा. भिंतीला लावून दहा पावलांवरून वाचून बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खाली तिचं नाव लिहा. आधी विचारून घ्या मात्र, वाक्य नक्की तिचंच ना?