हद्द पालिकेची, प्रवास माणसाचा

निगडीहून स्वारगेटला येणारा कारकून दापोडी सोडून बोपोडीत शिरतो, तेव्हा एका महानगरपालिकेची हद्द संपून दुसरीची सुरू होते. त्याला ते जाणवतही नाही. बससेवेची व्यवस्था मात्र ही हद्द दीर्घकाळ पाळीत होती. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी हे दोन स्वतंत्र उपक्रम होते. २००७ साली ते एकत्र करून पीएमपीएमएल ही कंपनी स्थापन झाली. तीत पुण्याचा वाटा ६० टक्के व पिंपरी-चिंचवडचा ४० टक्के ठरला.

निर्णय योग्यच होता. परंतु कंपनी एक झाली म्हणून प्रश्न सुटत नाही. शहरी बससेवेचा सारा खर्च तिकिटातून क्वचितच भागतो. उरलेली तूट कोणी सोसावी, येथेच सहकार्याचा खरा कस लागतो. बसचा लाभ हद्दी ओलांडून पसरतो. तुटीचा आकडा मात्र विशिष्ट पालिकेच्याच अंदाजपत्रकात उमटतो. भोसरीचा कामगार चाकणच्या कारखान्यात वेळेवर पोहोचला, तर लाभ पिंपरी-चिंचवडचा की चाकणचा? उघडच दोघांचा.

म्हणून तुटीची वाटणी केवळ भांडवलाच्या प्रमाणात न करता, कोणाच्या हद्दीत बस किती किलोमीटर धावली व किती प्रवासी चढले, या हिशेबाने व्हावी. लाभ घेणाऱ्या आसपासच्या नगरपरिषदांनीही ऐपतीप्रमाणे भार उचलावा. अन्यथा वाद सभागृहात रंगेल आणि त्याची किंमत थांब्यावर ताटकळणारा विद्यार्थी मोजील.