नीटमध्ये २० प्रश्नांवर तुक्का मारला तर? उत्तर शीटमधल्या एका ओळीत आहे

परीक्षांचे दिवस आले की दोन प्रकारचे रील फिरायला लागतात. एक सांगतो, ‘येत नसेल तर सोडून द्या, निगेटिव्ह मार्किंग आहे.’ दुसरा म्हणतो, ‘सगळीकडे सी मारा, नशीब असेल तर निघून जाल.’ दोघंही छातीठोकपणे बोलतात, पण आकडा कुणीच देत नाही. तो आकडा एक्सेल किंवा गुगल शीट्समध्ये अर्ध्या मिनिटात काढता येतो.

आधी नियम बघू. नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० मार्क. बरोबर उत्तराला ४ मिळतात, चुकलं की १ कापला जातो. समजा तुमचे १६० प्रश्न सोडवून झाले आणि उरलेल्या २० मधलं काहीच येत नाही. चारपैकी एक पर्याय डोळे मिटून निवडला, तर बरोबर येण्याची शक्यता २५ टक्के, म्हणजे ०.२५. सरासरी ५ उत्तरं बरोबर येतील. २० मार्क मिळाले, १५ गेले, हातात ५ उरले. म्हणजे तुक्का फायद्याचा?

थांबा, ही फक्त सरासरी झाली. तुमच्या पेपरात २ बरोबर येतील किंवा ८ सुद्धा. ४ बरोबर आली तर हिशोब शून्यावर येतो (१६ मिळाले, १६ गेले). ३ किंवा त्याहून कमी आली तर थेट नुकसान. म्हणून विचारायला हवं ते हे: ३ किंवा कमी येण्याची शक्यता किती?

शीटच्या कुठल्याही चौकटीत हे लिहा (नाव आणि आकडे इंग्रजीतूनच टाइप करायचे):

=बायनॉम.डिस्ट(३, २०, ०.२५, ट्रू)

उत्तर येतं ०.२२५. नुकसानीची शक्यता साडेबावीस टक्के. बरोबर शून्यावर राहण्याची १९ टक्के आणि फायद्याची साधारण साडेअठ्ठावन्न टक्के.

बारावीच्या गणितात ‘द्विपद वितरण’ म्हणून जे भेटलं होतं, ते हेच. बरोबर उत्तरं ३ असतील किंवा ४, साडेतीन असू शकत नाहीत. अशा सुट्या, मोजता येणाऱ्या गोष्टींच्या शक्यता हे फंक्शन देतं. गोंधळ होतो तो शेवटच्या शब्दावर. ट्रू लिहिलं तर ‘तीनपर्यंत’ सगळ्यांची बेरीज मिळते, फॉल्स लिहिलं तर ‘नेमके तीन’. आणि ‘किमान ५’ हवे असतील तर १ मधून ४ पर्यंतची बेरीज वजा करायची, ५ पर्यंतची नाही. अर्ध्या चुका इथेच होतात.

आता खरी मजा. २० पैकी प्रत्येक प्रश्नात एक पर्याय तुम्ही खात्रीने खोडू शकलात, तर ०.२५ च्या जागी १/३ टाका. नुकसानीची शक्यता साडेबावीसवरून ६ टक्क्यांवर येते. दोन पर्याय खोडता आले तर ०.५ टाका. उत्तर ०.००१३, म्हणजे हजारात एखाद्याचंच नुकसान.

हाच सल्ला यूपीएससी पूर्वपरीक्षेला चालेल का? तिथे सामान्य अध्ययनाच्या पेपरात प्रश्न २ मार्कांचा असतो आणि चुकीला त्याचा एक तृतीयांश कापतात. २० अंदाजांत ५ बरोबर आले तरच हिशोब शून्यावर येतो. फंक्शनमध्ये ३ ऐवजी ४ लिहा: नुकसानीची शक्यता साडेएकेचाळीस टक्के, फायद्याची सुमारे अडतीस. तुक्का तोच, पण दंड बदलला आणि गणित पालटलं.

आता ‘सगळा पेपर सी मारून पास’ या दाव्याकडे येऊ. एका कॉलममध्ये ० ते १८० आकडे भरा, शेजारी बायनॉम.डिस्ट फॉल्ससह लावा आणि चार्ट काढा. मध्ये ४५ वर उंच, दोन्हीकडे उतरती अशी घंटा दिसेल. याच आकारामुळे इथे नॉर्मल वितरणही वापरता येतं. त्याला फक्त सरासरी (४५) आणि पसारा म्हणजे प्रमाण विचलन लागतं. ते १८०×०.२५×०.७५ चं वर्गमूळ: ५.८१.

२०२५ मध्ये खुल्या प्रवर्गाचा पात्रता गुण १४४ होता. तिथवर जायला १८० पैकी किमान ६५ बरोबर हवेत.

=१-नॉर्म.डिस्ट(६४.५, ४५, ५.८१, ट्रू)

(६४.५ अशासाठी, की चार्टमधला ६५ चा खांब तिथून सुरू होतो.) उत्तर ०.०००४, म्हणजे दहा हजारांत ४. पण बायनॉम.डिस्टने काढलं तर दहा हजारांत ६ येतात. घंटेच्या मधल्या भागात नॉर्मल छान जमतं, टोकाला गेलं की घसरतं. उंची, वजन अशा सलग मोजमापांसाठी ते योग्य. इथे नेमका आकडा हवा असेल तर बायनॉमच बरं.

दहा हजारांत ६ म्हणजे नगण्य वाटतं ना? पण २०२५ ला नीट देणारे २२ लाखांहून जास्त होते. त्या सगळ्यांनी नुसते गोळे भरले असते, तरी साधारण १,३०० जण पात्र ठरले असते. रील बनवणारा या १,३०० पैकीच असतो. उरलेले लाखो जण व्हिडिओ करत नाहीत. शिवाय पात्र ठरणं म्हणजे सीट मिळणं नव्हे, हे वेगळंच.

आणि हो, ०.२५ हा आकडा खऱ्या तुक्क्याचा आहे. ‘थोडंफार आठवतंय’ म्हणून निवडलेल्या उत्तराचा नाही. पेपर काढणारे चुकीचे पर्याय मुद्दाम ओळखीचे वाटतील असेच देतात, त्यामुळे अर्धवट आठवणीने बरोबर येण्याचं प्रमाण २५ टक्क्यांच्या खालीही जाऊ शकतं. त्यावर उपाय सोपा आहे: जुन्या मॉक टेस्ट काढा, ज्या प्रश्नांवर तुम्ही अंदाज लावला होता त्यातले किती बरोबर आले ते मोजा आणि तो आकडा ०.२५ च्या जागी टाका. समजा तो ०.१५ निघाला, तर त्याच २० प्रश्नांवर नुकसानीची शक्यता ६५ टक्के दिसेल.