मालवाहू विमान म्हणजे हवेतला ट्रक नव्हे

सोलापुरात हवाई दलाचा विषय निघाला की पोरांच्या डोळ्यांसमोर फायटर उभं राहतं. मालवाहू विमानाचा वैमानिक म्हणजे त्यांच्या लेखी हवेतला ट्रक ड्रायव्हर. लढाई पुढं, हा मागं सुरक्षित, त्याला शौर्यपदक कसलं! हा समज मला मनापासून सलतो.

24 मे 1948 रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी लेहला पहिलं मालवाहू डाकोटा उतरवलं. सोनम नोरबू या लडाखी अभियंत्यानं सिंधूकाठच्या वाळूत आखलेली धावपट्टी, ऑक्सिजनची सोय नसलेलं विमान आणि शेजारी जनरल थिमय्या. मेहर सिंग यांना महावीर चक्र मिळालं. 1971 च्या युद्धात विंग कमांडर वसिष्ठ यांनाही ते मिळालं. त्यांच्या 44 स्क्वाड्रननं अवजड एएन-12 विमानांच्या मागच्या दारातून लाहोरजवळच्या चांगा मांगा जंगलातल्या दारूगोळ्याच्या साठ्यावर बॉम्ब टाकले होते. तेव्हा मालवाहूवाल्यांना शौर्यपदकं नसतात, हे साफ खोटं.

मागं सुरक्षित, हेही तसंच. 1942-43 च्या हिवाळ्यात स्टॅलिनग्राडच्या वेढ्यात सापडलेल्या जर्मन सैन्याला रसद पोहोचवताना जर्मनीनं अडीचशेहून अधिक युंकर्स 52 गमावली. ही सगळी वाहतुकीचीच विमानं.

आणखी एक समज: लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीच्या धावपट्टीवर पहिलं मोठं विमान 2013 साली उतरलं. त्या वर्षी सुपर हर्क्युलिस हे मालवाहू विमान उतरलं, त्याची बातमी गाजली, एवढंच. खरं म्हणजे 1962 च्या जुलैत स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी तिथं पॅकेट हे मालवाहू विमान उतरवलं होतं. 1965 नंतर ती धावपट्टी ओस पडली. 31 मे 2008 रोजी ग्रुप कॅप्टन एस. सी. चाफेकर एएन-32 घेऊन तिथं टेकले, ते 43 वर्षांनी.

राहिला प्रश्न, अशा ठिकाणी उतरण्यात एवढं अवघड काय? आपल्या होटगी रोडच्या विमानतळाचंच पाहा. उतरण्याच्या वाटेत येते म्हणून साखर कारखान्याची चिमणी 15 जून 2023 रोजी पाडावी लागली. लडाखचे डोंगर कोण पाडणार? त्यात दौलत बेग ओल्डी 16,614 फुटांवर. हवा समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के घनतेची. कॉकपिटमधला काटा नेहमीचाच वेग दाखवतो, पण चाकं जमिनीला टेकतात ती जवळजवळ तीस टक्के जास्त वेगानं. थांबायला दीडपटीहून जास्त धावपट्टी लागते, आणि तिथली धावपट्टी मातीची. इंजिनांनाही पुरती हवा मिळत नाही. इंजिन एकदा बंद केलं आणि थंडीत पुन्हा सुरूच झालं नाही तर विमान तिथंच अडकायचं. म्हणून अशा ठिकाणी पंखे फिरत असतानाच धुळीत पोती, पेट्या उतरवतात, आणि वैमानिक हात थ्रॉटलवर ठेवून बसून असतो.