पहिला घोट, तोही पटकन!

खरवस कोणाकोणाला आवडतो? गूळ, वेलदोडा घातलेला, चमच्याने कापला की थरथरणारा! तो होतो गाई-म्हशीच्या चिकापासून. व्याल्यावर घोडीलाही असाच चीक येतो. पण त्यातला एक थेंबसुद्धा कोणी मागू नये. तो संपूर्ण शिंगराचा.

घोडी साधारण अकरा महिने गाभण असते आणि बहुतेकदा रात्रीच विते. बाहेर आलेलं शिंगरू ओलंचिंब असतं. त्याचे खूर बघितलेत तर दचकाल. खुरांच्या टोकांना चक्क मऊ, लिबलिबीत झालर लोंबत असते! पोटात लाथा झाडताना आईला इजा होऊ नये म्हणून ही सोय. चालायला लागलं की ती झिजून जाते.

मग सुरू होते उभं राहायची खटपट. पुढचे पाय ताठ करायचे, मागचे घसरायचे, धपकन पडायचं, पुन्हा उठायचं. तासाभरात साहेब उभे! आता दूध शोधायचं. आधी आईच्या पुढच्या पायांत नाक खुपसतं, कधी भिंतही चाटतं, आणि शेवटी एकदाचे ते दोन सड सापडतात. जन्मानंतर दोनेक तासांत शिंगरू प्यायला लागलं पाहिजे.

इतकी घाई कशाला? तुम्ही आईच्या पोटात होतात तेव्हा तिच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे रोगजंतूंना अडवणारी प्रथिनं, वारेतून तुमच्या रक्तात आली. घोडीच्या वारेतून ती पलीकडे जातच नाहीत. त्यामुळे शिंगरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिपिंडं जवळजवळ नसतातच, आणि तबेल्यात तर जंतूच जंतू. स्वतःची पुरेशी प्रतिपिंडं तयार व्हायला काही महिने लागतात. तोवर भिस्त आईच्या चिकावर.

आता खरी गंमत. आपण खाल्लेली प्रथिनं पोटात पचतात, त्यांचे तुकडे होतात. नुकत्याच जन्मलेल्या शिंगराचं आतडं मात्र चिकातली प्रतिपिंडं अख्खीच्या अख्खी उचलतं आणि रक्तात सोडतं. पण हे दार फार वेळ उघडं राहत नाही. पहिल्या ६ ते ८ तासांत ते सताड उघडं असतं, २४ तासांत बंद! नंतर बादलीभर चीक पाजला तरी तो नुसता पचून जातो.

चीक चांगला आहे की नाही, हे कसं ओळखतात? काचेवर एक थेंब ठेवून ब्रिक्समीटरमधून बघतात. हो, नाशिकचे द्राक्षबागाईतदार गोडी मोजतात तोच! आकडा विसाच्या वर गेला तर उत्तम. काही घोड्यांचा चीक विण्याआधीच गळून जातो. अशा वेळी दुसऱ्या घोडीचा, गोठवून ठेवलेला चीक कोमट पाण्यात ठेवून पातळ करतात आणि पाजतात. उकळायचा मात्र नाही हं. चीक तापला की प्रथिनं गोठतात (खरवस होतो तो असाच!) आणि मग प्रतिपिंडं कामाची राहत नाहीत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर शिंगराचं रक्त तपासतात. एक डेसिलिटर रक्तद्रवात ८०० मिलिग्रॅमहून जास्त प्रतिपिंडं असली की काळजी मिटली. ४०० पेक्षा कमी भरली, तर मोठ्या घोड्याच्या रक्तातला द्रव शिरेतून देतात.

घोड्यांची प्रतिपिंडं आपल्यालाही उपयोगी पडतात बरं का! साप चावल्यावर दवाखान्यात जे प्रतिविषाचं इंजेक्शन देतात, ते घोड्याच्या रक्तातल्या प्रतिपिंडांपासूनच बनवलेलं असतं.