हळदीचं पाणी, पितळेची जाळी

अकोला जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्यात जुन्या ट्रॅक्टरचा गळका रेडिएटर मिस्त्रीसमोर आला की 'गळते कुठं' हा प्रश्न नंतर. पहिला प्रश्न ठरलेला: "यात काय काय टाकलं भाऊ?" मालक इकडं तिकडं पाहतो. "काई नाई, थोडीशी हयद टाकली होती."

थोडीशी म्हणजे पावशेर धरावी. हळद पाण्यात फुगते, वाहत वाहत भोकाशी जाऊन बसते आणि गळती खरंच थांबते. पेरणीच्या दिवसांत वावरात उभ्या माणसाला तेवढंच हवं असतं. ट्रकवाल्यांपासून चालत आलेला हा तोडगा वाईट नाही, पण तो तालुक्याला पोहोचेपर्यंतचा आहे, पुढच्या हंगामापर्यंतचा नाही. काही जण हळदीवर थांबत नाहीत. बेसन जातं, अंडं जातं. एकदा वरची टाकी उकलल्यावर आतला पिवळा गाळ बोटावर घेऊन मिस्त्री म्हणाला, "इथं तं पिठलं शिजलं, भाकरच आणाची राह्यली!" मालकही हसला. हसताना बिलाचा अंदाज त्याला आला असावा. भोक एक बुजतं, पण तोच गाळ बारीक नळ्यांत बसतो आणि मग न गळणारा रेडिएटर उकळायला लागतो.

ही यंत्रं कोणती? बहुतेक वेळा बी-२७५. महिंद्राने १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरशी हातमिळवणी केली, त्यातून आलेला पस्तीस हॉर्सपॉवरचा गडी. मॅसी आणि फोर्डही येतात. जुनी आयशर मात्र या दुकानाची पायरी चढत नाही. २४ एप्रिल १९५९ ला फरिदाबादच्या कारखान्यातून ती पहिल्यांदा बाहेर पडली. तिचं इंजिन हवेवर थंड होणारं, म्हणजे रेडिएटरच नाही. आयशरवाले हे इतक्या तोऱ्यात सांगतात की जणू ती सोय त्यांनीच करून ठेवली.

दुकानातला बघण्यासारखा भाग हौदाचा. रेडिएटरची तोंडं ट्यूबच्या रबराने बंद करायची, एका तोंडातून हवा भरायची आणि सगळा पाण्यात बुडवायचा. बुडबुडा येतो तिथं भोक. ऐकायला सोपं आहे, पण हवा बेतानं भरावी लागते. जुन्या रेडिएटरची टोपी जेमतेम चार-सात पौंडांचा दाब धरते. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरने बिनधास्त हवा मारून टाकीचा जोड उकललेला एक रेडिएटर इथं आला होता. गेला होता एका भोकासाठी, परत आला शिवण उसवून.

दुसरी गंमत अशी की थेंब पडतो तिथं भोक क्वचितच असतं. वरच्या पत्र्यात नळी जिथं शिरते तिथं चीर पडते, पाणी पात्यांवरून झिरपत खाली उतरतं आणि मालक खालच्या टाकीवर एम-सील थापून मोकळा होतो. बुडबुडा मात्र खोटं बोलत नाही. खिळ्याने खूण करायची, तारेच्या ब्रशने पितळ उजळायचं, जस्त टाकून मारलेलं तेजाब कापसाने लावायचं आणि बारीक ज्योतीवर कथील-शिशाची कांडी टेकवायची. ती दोनशे अंशांच्या अलीकडेच वितळते, आणि शेजारचा जुना डागही तेवढ्यावरच वितळतो. म्हणून आजूबाजूच्या जोडांवर ओल्या चिंध्या ठेवतात. एक डाग देताना दोन नवे उघडणारा कारागीर आणि खरा मिस्त्री यांच्यातला फरक या चिंध्यांचा आहे, असं माझं मत.

पण या भागातलं खरं दुखणं पाण्याचं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलाय. तेल्हारा तालुक्याचा दक्षिणेकडचा भाग त्यात येतो. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी, वारी भैरवगडच्या वान धरणाकडे, गोडं पाणी. रेडिएटरमधलं पाणी वाफ होऊन उडतं, क्षार आत राहतात. वरून पुन्हा तेच खारं पाणी ओतलं जातं. नळ्यांत पांढरा थर चढतो, डागाचे जोड खाल्ले जातात. मग वरची टाकी सोडवून एकेका नळीतून चपटी पोलादी पट्टी फिरवावी लागते.

त्यामुळे टोपी उघडून मिस्त्री ट्रॅक्टरचं माहेर सांगू शकतो. हिवरखेडकडच्या एका शेतकऱ्याने जुना ट्रॅक्टर घेतला होता. 'जन्मभर केळीच्या बागेत राहिलाय', म्हणजे गोड्या पाण्यावर, असं विकणाऱ्याने छातीठोक सांगितलेलं. मिस्त्रीने टोपीखाली बोट फिरवलं, पांढरी भुकटी दाखवली. "कायची केळी न् कायचं काय! हा पूर्णेचं पाणी पेलेला हाय." पुढं व्यवहारातले काही हजार परत मिळाले म्हणतात.

आणि कधीकधी गळती नसतेच. तुरीच्या मळणीत ट्रॅक्टर एका जागी उभा राहून थ्रेशर ओढतो. समोरून वारा नाही, कुटार मात्र भरपूर. जाळीची पाती चोंदतात, पाणी उकळून टोपीतून बाहेर येतं आणि गडी ओरडतो, 'फुटला!' फुटलेलं काहीच नसतं. इंजिन निवू द्यायचं, पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेला पाणी मारून जाळी धुवायची. घाईत तापल्या इंजिनात गार पाणी ओतणाऱ्यांनी हेड तडकवलेत, ते किस्से मात्र हसण्यासारखे नाहीत.

नळ्या फार सडल्या तर डागाला अर्थ नाही. दोन-चार नळ्या दोन्ही टोकांना बुजवून चालतं. त्याहून जास्त बुजवल्या तर थंडावा उरत नाही. मग टाक्या तशाच ठेवून जाळी बदलायची, म्हणजे रिकोर. इथंच काही ठिकाणी खेळ होतो. तीन ओळींची जाळी काढून दोन ओळींची बसवतात, वरून काळा रंग मारतात. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसवर गेला की पितळ उघडं पडतं. दुसरा खेळ अदलाबदलीचा: जुना पितळी रेडिएटर भंगाराच्या भावात ठेवून घ्यायचा आणि प्लॅस्टिकच्या टाकीचा अ‍ॅल्युमिनियमचा हातात द्यायचा, ज्याला गावातला मिस्त्री डागही देऊ शकत नाही.

तेव्हा घरी जुना ट्रॅक्टर असेल तर जाळीच्या नळ्यांच्या ओळी आजच मोजून ठेवा. बदललेली जुनी जाळी आपल्यासमोर वजन करून घ्या. आणि आत विहिरीचं खारं पाणी ओतू नका. पावसाचं साठवा, नाहीतर वानच्या नळाचं घ्या, आणि त्यात कूलंट टाका.