राजाचं २९ वं वर्ष

आमच्या पांढुर्णा-सौसरकडची जुनी माणसं वय विचारलं की साल सांगत नसत. ‘प्लेगाच्या वर्षी मी पाळण्यात होतो,’ एवढंच म्हणत. प्लेग कधी आला हे ठाऊक असेल, तर हिशेब लागायचा.

वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा पांढुर्णा ताम्रपटही असाच बोलतो. दानपत्रावर वर्ष आहे २९, म्हणजे राज्यावर बसल्यापासूनचं एकोणतिसावं. शक नाही, संवत नाही.

मग हा राजा कधीचा? त्याच्या दानपत्रांत आई प्रभावतीगुप्ता ही महाराजाधिराज देवगुप्ताची मुलगी म्हणून येते. गुप्त राजांच्या लेखांचा ग्रंथ १८८८ साली सिद्ध करणाऱ्या फ्लीट यांनी हा देवगुप्त म्हणजे मगधातला त्याच नावाचा, बराच नंतरचा राजा मानला. वाकाटक आठव्या शतकात जाऊन बसले. पुराभिलेखांत फ्लीट यांचा शब्द फार मोठा होता. तर्कही गैर नव्हता, नाव तर जुळत होतं!

१९१२ साली प्रभावतीगुप्तेचाच ताम्रपट उजेडात आला. त्याला पुणे ताम्रपट म्हणतात. त्यात तिनं माहेरची वंशावळच दिली आहे: वडील चंद्रगुप्त, आजोबा समुद्रगुप्त. देवगुप्त हे दुसऱ्या चंद्रगुप्ताचंच दुसरं नाव ठरलं. त्याचा काळ ठाऊक होता, म्हणून वाकाटक सुमारे तीनशे वर्षं मागे सरकले. कार्बन-१४ वरून काळ ठरवायची पद्धत यायला तेव्हा अजून तीन तपं अवकाश होता.

विज्ञानाच्या इतिहासात दुर्बीण येते, सूक्ष्मदर्शक येतो. त्यांच्या पंक्तीत हे तांब्याचे पत्रेही बसायला हवेत, असं मला मनापासून वाटतं. अंदाज बांधायचा, तो पुराव्यापुढे ठेवायचा आणि पुरावा उलट गेला तर मोठ्यातल्या मोठ्या विद्वानाचंही मत सोडायचं, हे इथं घडलं.

हे पत्रे वाचणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. वाकाटकांच्या ब्राह्मीत प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर इवलीशी चौकोनी पेटी असते. म्हणून ती पेटिकाशीर्षक लिपी. लेखाच्या आरंभी बहुधा ‘दृष्टम्’ असतं, म्हणजे पाहिलं, तपासलं. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी असे लेख आयुष्यभर तपासले. १९६३ साली निघालेल्या त्यांच्या वाकाटक लेखसंग्रहात पांढुर्ण्याचा पटही आहे.

त्यावरचं ते २९ वं वर्ष आता पाचव्या शतकाच्या मध्याजवळ धरतात.